दोन रेघांची एक रेघ

(दृश्य: डिसेंबरची सकाळ. संत्र्याची बाग. बाबा शिडीवर, हातात कात्री. वाळलेली काडी तुटल्याचा आवाज.)

आंबिया बहाराची संत्री तोडून झाली की आमच्याकडे सल काढतात. सल म्हणजे झाडावरच वाळून राहिलेल्या काड्या. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून पाहिलं तर झाड हिरवंगार दिसतं. सल पाहायची तर झाडाखाली जाऊन, मान वर करून पाहावं लागतं. बाबा प्रत्येक झाडाखाली तसे दोन-चार मिनिटं उभे राहतात. मग शिडी लावतात.

हे आमचं शेत. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. बाग सध्या ताणावर आहे, म्हणजे पाणी तोडलंय. विहिरीच्या कठड्यावर मोबाईल ठेवला की रेंजच्या दोन काड्या येतात. त्याचा हॉटस्पॉट घेऊन मी मळ्यातल्या खोलीत लॅपटॉप उघडते.

मी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर (सोर्स) सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधल्या मार्कअपच्या चुका दुरुस्त करते. सॉफ्टवेअर कसं टाकायचं, कसं वापरायचं, काय करायचं नाही, हे सांगणारी जी पानं असतात, ते डॉक्युमेंटेशन. त्या पानांवर ठळक काय, तिरपं काय, यादी कुठली, कमांड कुठली, हे यंत्राला सांगणाऱ्या ज्या खुणा असतात, तो मार्कअप. खूण चुकली तर पान बिघडतं. कधी नुसतं दिसायला बिघडतं. कधी खोटं बोलायला लागतं.

(दृश्य: खोलीतलं टेबल. लॅपटॉपशेजारी कॉलेजची जुनी वही.)

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले होते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचं मनात होतं. एका पानावरची कमांड कॉपी केली, टर्मिनलमध्ये, म्हणजे यंत्राला लेखी हुकूम देण्याच्या खिडकीत टाकली. एरर. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. सगळं काढून नव्याने टाकलं. रात्री लाइन गेली, पहाटे आली, पुन्हा बसले. असे दोन दिवस. अमरावतीच्या होस्टेलवर असते तर शेजारच्या खोलीचं दार वाजवलं असतं. इथे दार कुणाचं वाजवू? माझ्यासमोर ते एक पान होतं आणि त्या पानावर माझा पूर्ण भरवसा होता. त्यामुळे चूक माझीच, हे मी पहिल्या तासाभरातच कबूल करून टाकलं होतं.

बाबा जेवायला बोलवायला आले.

"काहून रडते वं माय?"

"मले जमत नाई बाबा. हे काम माह्यासाठी नाईच."

बाबांनी काही समजावलं नाही. जेवण इथेच घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी जुनी वही चाळताना सरांनी फळ्यावर लिहून दिलेली तशीच कमांड सापडली. वहीत पाहून हाताने टाइप केली, आणि चालली. मी दोन्ही कमांड टर्मिनलमध्ये एकाखाली एक ठेवल्या आणि अक्षरं मोठी केली.

(दृश्य: पडद्यावर दोन ओळी. वर "–अपग्रेड", खाली "--अपग्रेड". कॅमेरा रेघांवर थांबतो.)

नीट पाहा. खालच्या ओळीत दोन छोट्या रेघा आहेत, दोन हायफन. वरच्या ओळीत एकच लांब रेघ आहे. टर्मिनलला दोन हायफन कळतात. लांब रेघ त्याच्या लेखी परकं अक्षर आहे. मी दोन दिवस जे कॉपी करत होते ते मुळातच चालण्यासारखं नव्हतं.

मग दोनाची एक रेघ केली कुणी? ओपन सोर्सची हीच थोरवी की अशा प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. पानाचा सोर्स उघडाच असतो. मी तो उघडला. कमांडच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक होता. कीबोर्डवर डावीकडे वर, एकच्या आकड्याशेजारी जी उलटी टिचकी असते, ती. तिथे दोन-दोन हव्या होत्या.

एका टिचकीने एवढं कसं होतं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण ही चूक अजूनही रोज होते. मार्कअपच्या भाषा अनेक आहेत. मार्कडाउन 2004 साली जॉन ग्रुबर यांनी आणली. तिच्यात कोड दाखवायला एक बॅकटिक पुरतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही डेव्हिड गुडजर यांची, तिच्याहून थोडी जुनी. तिच्यात कोडसाठी दोन बॅकटिक लागतात, आणि एकाचा अर्थच वेगळा होतो. गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी स्फिंक्स हे सोर्समधून पान तयार करणारं अवजार बनवलं, तेव्हा भाषा हीच घेतली. 2008 मध्ये पायथन 2.6 आली, तोवर पायथनची पानं लाटेक ही जुनी मार्कअप भाषा सोडून या नव्या पद्धतीवर आली होती. 2016 पासून लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची पानंही स्फिंक्सवर जाऊ लागली. आज लिहिणाऱ्यांचा हात मात्र मार्कडाउनवर बसलेला असतो. सवयीने एक बॅकटिक पडतो. स्फिंक्सला वाटतं, हा कोड नाही, साधा मजकूर आहे. साध्या मजकुरातल्या दोन हायफनची तो छापील पुस्तकासारखी एक सुबक लांब रेघ करून देतो. कादंबरीत ती शोभली असती.

हे बाबांना समजावायला मला वेळ लागेल असं वाटलं होतं. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

(दृश्य: प्लॅस्टिकच्या बादलीत निळं मोरचूद विरघळतंय. दुसऱ्या बादलीत चुन्याची निवळी.)

सल काढल्यावर कापलेल्या जागेवर आणि खोडाला बोर्डो मलम हे बुरशीनाशक लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फवारायचं बोर्डो मिश्रण वेगळं. त्यालाही एक किलो मोरचूद आणि एक किलो चुनाच, पण पाणी शंभर लिटर. मोरचूद वेगळं विरघळवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला.

बाबा म्हणाले, "पत्रकात एक शून्य सुटलं त फवारणीच्या जागी मलम होईन. छापणाऱ्याले कायचं, बगीचा आपला जाईन."

याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही.

मी दुरुस्ती पाठवली. दोन बॅकटिक वाढवले, बस. गिट हे बदलांची नोंद ठेवणारं अवजार शिकले त्यासाठी. पाठवायच्या आधी स्फिंक्स चालवून पान आपल्याच मशीनवर तयार करायचं आणि डोळ्यांनी पाहायचं, हेही शिकले. मेंटेनर, म्हणजे ती पानं सांभाळणाऱ्या बाई, परदेशातल्या होत्या. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, याच विभागात आणखी कुठे असं आहे का, पाहशील? मी पाहिलं. अकरा ठिकाणी होतं.

सगळे एका झटक्यात शोधून बदलून का टाकले नाहीत, असं धाकटा भाऊ विचारतो. कारण काही ठिकाणी एकच बॅकटिक बरोबर असतो. दुसऱ्या पानाचा दुवा द्यायचा असेल, एखाद्या फंक्शनचं नाव जोडायचं असेल, तिथे तो एकच लागतो. सरसकट बदललं तर अकरा चुका दुरुस्त होतील आणि चाळीस दुवे तुटतील. वाचावंच लागतं. प्रत्येक झाडाखाली उभं राहावं लागतं.

(दृश्य: पडद्यावर सोर्स. दोन टिंबं, मग नोटसाठीचा इंग्रजी शब्द, मग एकच कोलन.)

आता एक चूक दाखवते, जिची मला मनापासून भीती वाटते. सूचना चौकटीत द्यायची असेल तर रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, मग सूचनेचा प्रकार, आणि पुढे दोन कोलन लागतात. एक कोलन राहिला तर स्फिंक्स त्या सगळ्या मजकुराला लेखकाची खाजगी टीप समजतो आणि पानावर येऊच देत नाही. स्फिंक्स काही तक्रार करत नाही. पानावर रिकामी जागासुद्धा राहत नाही. वरचा परिच्छेद संपतो, खालचा सुरू होतो, मधलं गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला अशी एक जागा सापडली. गायब झालेली ओळ होती: ही कमांड चालवण्याआधी आपल्या फायलींची प्रत काढून ठेवा, जुन्या फायली पुसल्या जातील. सोर्समध्ये ती ओळ होती. लिहिणाऱ्याने काळजीने लिहिली होती. वाचणाऱ्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. फवारणीच्या अतिविषारी औषधाच्या डब्यावर धोक्याचा लाल त्रिकोण असतो. तो नीट छापला, पण चिकटवायचाच राहिला, तर काय होईल? माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं. त्या रात्री मी त्या संचातलं एकूण एक पान सोर्समधून वाचलं. स्फिंक्स-लिंट नावाचं अवजार अशा जागा दाखवून देतं, हे मला नंतर कळलं. आता पहिल्यांदा ते चालवते, मग डोळ्यांनी वाचते.

अशा दुरुस्त्यांना काही लोक किरकोळ म्हणतात. एक अक्षर बदललं, एक ओळ रिकामी सोडली, यात काम ते काय? मला ते मान्य नाही. ज्याच्या आजूबाजूला दहा जाणकार आहेत, त्याच्यासाठी ती चूक किरकोळ असेल. तो विचारतो आणि पुढे जातो. ज्याच्याकडे फक्त ते पान आहे, तो त्या चुकीपाशी थांबतो आणि स्वतःलाच ढ समजतो. मी समजले होते.

(दृश्य: संध्याकाळ. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलते आहे. पडद्यावर मराठी मजकूर.)

गेल्या वर्षीपासून मी मराठी पानंही करते आहे. तिथे आपल्या भाषेची म्हणून एक खास अडचण भेटली. इंग्रजीत शब्दयोगी अव्ययं सुटी असतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. पिपने, गिटला, फोल्डरमध्ये. आता यातलं फक्त "पिप", म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारी कमांड, हे कोड म्हणून दाखवायचं आहे. मी लिहिलं: ``पिप``ने. पान उघडलं तर बॅकटिक जसेच्या तसे पानावर आणि वर इशारा, की सुरुवातीची खूण मिळाली, शेवटची मिळाली नाही. कारण या भाषेचा नियम असा आहे की बंद करणाऱ्या खुणेनंतर मोकळी जागा हवी किंवा विरामचिन्ह हवं. आणि तिथे आपला "ने" येऊन बसलेला.

सोपी वाट म्हणजे "पिप ने" असं तोडून लिहायचं. पुष्कळजण तसं लिहितात. माझ्या डोळ्याला ते खुपतं. प्रत्यय तोडला की वाक्य ठेचकाळतं, आणि शाळेत सहावीतल्या मुलाला आपण जे चूक म्हणून सांगतो ते सॉफ्टवेअरच्या पानावर बरोबर कसं होईल? तोड मिळाली. बंद खुणेनंतर एक उलटी तिरपी रेघ आणि एक मोकळी जागा द्यायची: ``पिप``\ ने. ती रेघ आणि ती जागा पानावर उमटत नाही. यंत्राला मोकळी जागा मिळते, वाचणाऱ्याला प्रत्यय जोडलेला मिळतो. हे कळलं त्या दिवशी मी आईला उठवून सांगितलं होतं.

मथळ्यांचंही तसंच. मथळ्याखाली चिन्हांची रेघ ओढायची असते आणि ती मथळ्याहून आखूड चालत नाही. "स्थापना" हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा. यंत्र स वेगळा मोजतं, थ वेगळा, काना वेगळा. मी मापून रेघ ओढायचे आणि आखूड असल्याचा इशारा यायचा. आता ऐसपैस लांब ओढते. जास्त लांब झाली तर काही बिघडत नाही.

(दृश्य: रिद्धपूरचा रस्ता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा.)

रिद्धपूर आमच्या तालुक्यातलंच. महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र. मराठी गद्य जिथे आकाराला आलं, त्यातली ही भूमी. शतकानुशतकं इथल्या परंपरेत पोथ्या हाताने नकलल्या गेल्या. नक्कल करताना एक ओळ गळली की पुढच्या सगळ्या नकलांत ती गळायची, म्हणून अभ्यासक अजून पाठभेद जुळवत बसतात. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा त्या नकलणाऱ्यांचा विचार करते. बोटाखाली ओळ धरून, पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहणारा कुणीतरी तिथे असणारच.

(दृश्य: दुपार. मळ्यातली खोली. शेजारचा बारावीतला मुलगा लॅपटॉपसमोर.)

शेजारचा हा पोरगा सुट्टीत माझ्याकडे येतो. आज त्याने तेच पान उघडलंय, ज्याच्यापाशी मी दोन दिवस रडले होते. कमांड कॉपी केली. टाकली. चालली. तो पुढच्या पानावर गेला. मी बाहेर बाबांना मलमाची बादली धरून देत होते.

थोड्या वेळाने आतून हाक आली.

"ताई, इकडं ये ना. हे पाय, इथं सगळं एकातच लिवलं हाय. पयले काय करू तेच समजत नाई."

हात धुऊन आत गेले. पाच पायऱ्यांची यादी एकाच परिच्छेदात सलग वाहत होती, मधे नुसत्या फुल्या दिसत होत्या. मी खुर्ची ओढली आणि त्याला सोर्स उघडायला सांगितलं. यादीच्या आधी एक ओळ रिकामी सोडायची राहिली होती.