पॉवरसेव्ह लावलं तरी बॅटरी का उतरते? लिनक्स कर्नल आतून बघूया

नमस्कार मंडळी! लाईट आत्ता आलीये, परत कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे आज नेहमीची बडबड कमी आणि डायरेक्ट विषयाला हात घालतो. पावसाळ्यात आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, कुठेतरी वायरवर फांदी पडते, वायरमन बिचारा भिजत शोधत फिरतो, आणि तोपर्यंत घरून काम करणाऱ्याला लॅपटॉपची बॅटरी हाच काय तो आधार. तर मालवणहून एका मित्राचा मेसेज आला, "रे, पॉवरसेव्ह लावलंय तरी चार्जिंग रवणा नाय, काय करू?" पॉवरसेव्ह म्हणजे लिनक्समधलं बॅटरी वाचवायचं म्हणून लावतात ते सेटिंग, आणि हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं याच्यावर एक नीट व्हिडिओच करून टाकू.

पहिल्यांदा डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. प्रोसेसर हळू चालवला की बॅटरी वाचते, हे अर्धंच खरं आहे. कसं ते बघा. चिपमध्ये जी पॉवर जळते ती फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता नुसती फ्रिक्वेन्सी अर्धी केली आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर पॉवर अर्धी झाली खरी, पण काम संपायला वेळ दुप्पट लागला ना, मग हिशेब तिथल्या तिथेच! खरा फायदा व्होल्टेज कमी होण्यात आहे. फ्रिक्वेन्सी खाली आणली की कमी व्होल्टेजवर भागतं, तिथे पैसे वाचतात. समजा वरच्या टोकाला १.२ व्होल्ट लागतायत आणि खाली ०.७ वर भागतंय, तर त्याच कामाला वरच्या टोकाला जवळजवळ ३ पट ऊर्जा जाते.

हर्णै बंदरावर कुठल्याही तांडेलाला विचारा, तो हे इंजिनिअरपेक्षा चांगलं सांगेल. होडीला रेस थोडी वाढवली तर डिझेल थोडं नाही वाढत, भसाभस वाढतं, कारण पाणी मागे ढकलतं. पण म्हणून तो मासळी भरल्यावर रमतगमत येतो का? नाही, कारण खणातला बर्फ वितळतोय. प्रोसेसरचा बर्फ म्हणजे लीकेज करंट. चिप जागी आहे तोपर्यंत काम करो न करो, थोडा करंट गळतच असतो, शिवाय ती जागी आहे म्हणून रॅम, बस, मेमरी कंट्रोलर सगळे जागे. म्हणजे फार पळवलं तरी तोटा, फार रेंगाळलं तरी तोटा, मधे कुठेतरी बरा पॉइंट असतो आणि तो शोधत बसणं हे कर्नलचं, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचं, काम.

कर्नलमध्ये याला दोन वेगळी खाती आहेत. एक सीपीयूफ्रेक, जागं असताना किती पळायचं ते ठरवणारं. दुसरं सीपीयूआयडल, काम नसताना किती गाढ झोपायचं ते ठरवणारं. लोक सगळे पहिल्याच्या मागे लागतात, गव्हर्नर (म्हणजे फ्रिक्वेन्सी कधी किती ठेवायची त्याचा नियम) बदल, हे कर, ते कर. माझं स्पष्ट मत, लॅपटॉपवर नुसतं वाचन, टायपिंग, ब्राउझिंग करत असाल तर बॅटरी दुसऱ्या खात्यात वाचते.

आधी पहिलं खातं उरकतो. जुना गव्हर्नर म्हणजे ऑनडिमांड, २००४ मध्ये आला. तो ठराविक वेळाने डोकावून बघायचा, की मधल्या काळात सीपीयू किती टक्के बिझी होता, मर्यादेच्या वर गेला की डायरेक्ट सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी. चालायचं, पण तो शेजाऱ्यासारखा बाहेरून बघणारा, घरात काय चाललंय त्याला पक्कं कळायचं नाही. घरातलं कोणाला माहीत असतं? शेड्युलरला, कारण कुठला टास्क कधी चालवायचा ते तोच ठरवतो. मग २०१६ मध्ये ४.७ कर्नलमध्ये स्केडयुटिल आला, पोलंडच्या रफाएल विसोत्स्की यांनी लिहिलेला. (सीपीयूफ्रेक सांभाळणाऱ्यांत त्यांच्या जोडीला आपले विरेश कुमार आहेत, हे आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना कोणी सांगतच नाही!) स्केडयुटिलचा फॉर्म्युला इतका साधा आहे की हसू येईल. सीपीयूची क्षमता किती टक्के वापरली जातेय ते घ्या, त्याला कमाल फ्रिक्वेन्सीने गुणा, आणि वर सव्वापट करा. सव्वा का, तर थोडी जागा शिल्लक असावी म्हणून, म्हणजे ८० टक्के लोडलाच तुम्ही फुल स्पीडला पोचता. आणि हा लोड मोजताना जुना हिशेब हळूहळू विसरला जातो, ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामाचं वजन निम्मं, त्याच्या आधीच्या ३२ चं आणखी निम्मं, असं. अँड्रॉइड फोनमध्ये लहान-मोठे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे वेगवेगळे भाग, असतात तिथे हाच स्केडयुटिल लागतो, आणि कुठल्या कोअरवर काम स्वस्तात होईल तो हिशेब २०१९ पासून, ५.० कर्नलपासून, मेन कर्नलमध्येच आहे.

आता मालवणच्या भाऊंचा घोळ. जनरल सीपीयूफ्रेकमध्ये पॉवरसेव्ह नावाचा गव्हर्नर म्हणजे सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी पकडून बसणारा, काही झालं तरी वर नाही. पण तुमच्या लॅपटॉपला गेल्या काही वर्षांतला इंटेल प्रोसेसर असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर इंटेल पीस्टेट असतो, आणि त्याच्या अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये फक्त दोनच नावं दिसतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. तिथला पॉवरसेव्ह म्हणजे 'गरजेप्रमाणे वर खाली', टर्बोपर्यंत, म्हणजे नेहमीच्या वेगाच्याही वर, सुद्धा जातो! आणि लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोत, म्हणजे तयार मिळणाऱ्या वेगवेगळ्या प्रकारांत, तो आधीपासूनच लावलेला असतो. म्हणजे भाऊंनी मोठ्या उत्साहाने कमांड मारली आणि जे होतं तेच परत लावलं, फरक पडणार कुठून?

[स्क्रीनवर टर्मिनल]

हे बघा, सिस फोल्डरमध्ये डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू, मग सीपीयू झिरो, त्यात सीपीयूफ्रेक. इथे पहिल्यांदा गव्हर्नरची फाईल उघडायचीच नाही, आधी स्केलिंग अंडरस्कोर ड्रायव्हर वाचायची. माझ्याकडे इंटेल पीस्टेट आलं. मग आपल्या कामाची फाईल त्याच फोल्डरमध्ये खाली आहे, एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स. इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून पुढच्या चिप फ्रिक्वेन्सी स्वतःच ठरवतात, कर्नल फक्त कल सांगतो, की बाबा स्पीडकडे झुक किंवा बचतीकडे झुक. इथे बॅलन्स परफॉर्मन्स असेल तर बॅलन्स पॉवर करून बघा. प्रत्येक कोअरची फाईल वेगळी, सगळ्यांना लिहायचं, रूट म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार लागेल. एएमडीवाल्यांनो, तुम्हाला बरीच वर्षं जुन्या एसीपीआय ड्रायव्हरवर तीनच पायऱ्या मिळायच्या, एएमडी पीस्टेट २०२२ मध्ये ५.१७ ला आला, त्यामुळे जुन्या कर्नलवर असाल तर आधी कर्नल अपडेट करा, बाकीचं नंतर.

आणि डेस्कटॉपचा पॉवर प्रोफाइल पण चालू, टीएलपी नावाचं बॅटरी वाचवायचं टूल पण चालू, असं करू नका हो. दोघं एकाच फाईलीत आळीपाळीने लिहितात आणि आपण म्हणतो सेटिंग टिकत नाही.

आता झोपेचं खातं, हे मला जास्त आवडतं. कोअर रिकामा झाला की तो सी-१ पासून सी-१० पर्यंत वेगवेगळ्या खोलीच्या झोपेत जाऊ शकतो, पण गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो आणि आत जायला-बाहेर यायला ऊर्जा पण जाते. कर्नलमध्ये इंटेल आयडल ड्रायव्हरच्या कोडमध्ये याचं सरळ टेबलच आहे. स्कायलेकचं टेबल बघा, सी-१ मधून उठायला २ मायक्रोसेकंद. सी-६ मधून ८५, आणि निदान २०० मायक्रोसेकंद झोप मिळाली तरच तो परवडतो. सी-१० मधून उठायला ८९०, आणि तिथे किमान ५००० मायक्रोसेकंद म्हणजे ५ मिलिसेकंद सलग झोप पाहिजे.

आता गंमत अशी, की पूर्वी कर्नलचा टायमर काम असो नसो ठोके देत राहायचा, सेकंदाला २५० ठोके असतील तर दर ४ मिलिसेकंदांनी उठवणार. ५ मिलिसेकंदांची झोप मिळणारच नाही कधी! म्हणून २००७ मध्ये २.६.२१ कर्नलमध्ये रिकाम्या सीपीयूचा ठोका बंद करायची सोय आली, आणि त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप नावाचं टूल काढलं, कारण कर्नल गप्प झाल्यावर कळलं की बाकीचे प्रोग्रॅमच सारखे उठवतायत. किती वेळ झोप मिळेल हा अंदाज बांधायला पण गव्हर्नर आहेत, मेन्यू म्हणून जुना, आणि टीईओ, तो २०१९ चा, पुढचा टायमर कधी वाजणार हे धरून ठरवणारा.

[स्क्रीनवर पॉवरटॉप]

चार्जर काढला, पॉवरटॉप रूटने चालू केलं. वर बघा, सेकंदाला किती वेकअप, म्हणजे सीपीयूला किती वेळा झोपेतून उठवलं, ते लिहिलंय. आत्ता काही चालू नाही म्हणून आकडा शांत आहे. आता ब्राउझरमध्ये ती हलत्या जाहिरातींची एक बातम्यांची साइट उघडतो, टॅब समोर आहे, मी काहीच करत नाहीये, माऊसला हातसुद्धा नाही... बघा कसा चढला! सीपीयू वापर विचाराल तर अगदी किरकोळ, पण झोप तुकड्या-तुकड्यांत, त्यामुळे सी-१० च्या कॉलममधली टक्केवारी धाडकन खाली आणि वरच्या हलक्या झोपेत गर्दी. टॅब बंद केला की परत गाढ. गव्हर्नर या सगळ्यात मी बदललाच नाही.

वॅट बघायचे असतील तर सिस, क्लास, पॉवर सप्लाय, बॅट झिरो, त्यात पॉवर नाऊ. आकडा मायक्रोवॅटमध्ये येतो, त्यामुळे साठ लाख बघून घाबरू नका, ते ६ वॅट झाले. काही लॅपटॉपवर ही फाईल नसते, तिथे करंट नाऊ आणि व्होल्टेज नाऊ यांचा गुणाकार करायचा. हे चार्जर काढूनच बघा, आणि एक मिनिट थांबून बघा, आकडा लगेच स्थिर होत नाही. याच आकड्यावर स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून पण बघा, नुसते वाचत बसला असाल तर ती एक पट्टी सगळ्या गव्हर्नरांच्या वरचढ ठरू शकते.

मे महिन्यात व्हिडिओ एडिटिंग, कंपाइल वगैरे जड कामं करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. दमट हवेने आपण घामाघूम होतो, पण लॅपटॉपला घाम येत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. तरी खोलीतच ३४-३५ असेल आणि पंख्यात लाल मातीची धूळ बसली असेल तर तो तापून स्वतःच फ्रिक्वेन्सी खाली ओढतो, वर-खाली, वर-खाली, आणि एकूण कामाला वेळ जास्तच. अशा वेळी टर्बो बंद करून बघा, इंटेल पीस्टेटच्या फोल्डरमध्ये नो टर्बो नावाची फाईल, तिच्यात १ लिहायचं. टर्बोत सगळ्यात महागडं व्होल्टेज असतं, ते गेलं की तापमान बरंच उतरतं. रिस्टार्ट केल्यावर परत ० होतं, त्यामुळे काही बिघडेल अशी भीती नको. पण पंखा आधी साफ करा राव, सॉफ्टवेअरने धूळ निघत नाही.

झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम का होतो, हा स्लीप मोडचा वेगळाच घोळ आहे, तो पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत स्केलिंग ड्रायव्हरच्या फाईलीत काय आलं आणि पॉवरटॉपमध्ये सगळ्यात वर कुठलं नाव दिसलं ते कमेंटमध्ये टाका, प्रोसेसरचं मॉडेल पण लिहा, नाहीतर मला काहीच सांगता येणार नाही.