सिस्टर थांबते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

कुणाच्या ना कुणाच्या उशाशी दवाखान्यात तुम्ही कधी तरी बसलेले असाल. सिस्टर ट्रे घेऊन येते, सिरिंज भरते आणि मध्येच थांबून केस पेपर पुन्हा पाहते. रुग्णाला नाव विचारते. सकाळपासून ते तिला पाठ असतं, तरी विचारते. मग म्हणते, "जरा थांबा, डॉक्टरांना एकदा विचारून येते." इकडे नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. "डॉक्टरांनी लिहिलंय की, मग द्या की लवकर!" आधी वॉर्डात काम करताना आणि पुढे परिचर्या शिकवताना हे वाक्य मी सोलापुरात फार वेळा ऐकलं आहे. आज त्या थांबण्याविषयीच बोलायचं आहे. कारण परिचारिकेची नैतिक जबाबदारी आणि कायद्याची जबाबदारी, दोन्ही त्या क्षणी तिच्या हातात असतात.

पुष्कळांना वाटतं, जबाबदारी डॉक्टरांची, सिस्टर फक्त सांगितलेलं करते. कायदा तसं मानत नाही. आपल्या राज्यात परिचारिकांसाठी १९६६ चा स्वतंत्र अधिनियम आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कुणाला परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ते नाव काढूनही टाकता येतं. देशपातळीवर १९४७ चा कायदा होता. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला. ज्याची नोंदणी स्वतःच्या नावावर, त्याचं उत्तरही स्वतःच्याच तोंडून द्यावं लागतं.

दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयाचा खटला मी प्रत्येक तुकडीला शिकवत आले. विषमज्वराने आजारी असलेलं एक मूल तिथे दाखल होतं. परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन दिलं आणि मूल लगेच कोसळलं. हृदय बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं, पण मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. चौकशीत दिसलं की औषध सोसतं की नाही हे न तपासताच ते टोचलं होतं, आणि टोचणारीचं नाव कुठल्याही राज्याच्या परिचर्या परिषदेत नव्हतं. निवासी डॉक्टरांनी हे काम तिच्यावर सोडलं, म्हणून तेही दोषी ठरले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. पैसे रुग्णालयाला भरावे लागले. मूल मात्र पहिल्यासारखं झालं नाही. तालुक्याच्या गावी आजही एखाद्या दवाखान्यात चार महिने हाताखाली राहिलेल्या मुलीला 'सिस्टर' म्हणतात आणि सलाईन लावायला पाठवतात. हा त्या मुलीवरही अन्याय आहे. "तुमची नोंदणी आहे का?" हे विचारण्यात अपमान नाही. नोंदणी असलेली सिस्टर राग न धरता सांगेल.

कायद्यातली आणखी एक गोष्ट परिचारिकांनाही फारशी माहीत नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून तसं घडलं तर कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. पण त्या व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेले डॉक्टरच बसतात, परिचारिका बसत नाही. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांत शिक्षेचा हा फरक मला पटत नाही आणि तो बदलावा असं मी उघड म्हणते. पण आज कायदा असा आहे, म्हणून सिस्टर थांबते तेव्हा तिला थांबू द्या.

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे. १९३८ साली ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या परिचारिका होत्या. सोलापूरच्या या सुनेचं नाव आपल्यापैकी किती जणांच्या ओठावर असतं? परिचारिकेला स्वतंत्र माणूस म्हणून पाहायची सवय आपल्याला अजून लागायची आहे.

आता रात्रपाळीकडे येते. रात्री दोनला रुग्णाचा रक्तदाब उतरतो, डॉक्टर फोनवर औषध सांगतात. सिस्टरने काय करायचं? सांगितलेलं औषध, मात्रा आणि द्यायचा मार्ग तिथल्या तिथे लिहायचा, लिहिलेलं डॉक्टरांना वाचून दाखवायचं, वेळ टाकायची आणि डॉक्टर आल्यावर त्यांची सही घ्यायची. शंका असेल तर औषध द्यायचं नाही, पुन्हा विचारायचं. पोटॅशियम क्लोराईडची कुपी पातळ न करता शिरेत गेली तर हृदय थांबतं. इन्सुलिनच्या मात्रेत एक शून्य जादा वाचलं गेलं की रुग्णाची साखर धोकादायक उतरते. अशा वेळी "साहेब चिडतील" म्हणून गप्प बसलेली सिस्टर रुग्णाचंही नुकसान करते आणि स्वतःचंही. वरिष्ठांनी प्रश्नाला चिडून उत्तर देणं बंद केलं पाहिजे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

नोंदीचंही तसंच. पाळी बदलताना ओव्हर देतो, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवतो, तेव्हा तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, कागद राहतो. लिहिताना चुकलं तर खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. एक आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. आणि प्रकरण अंगाशी येतंय असं दिसल्यावर "मागच्या तारखेने लिहून टाका" असं कुणीही सांगो, लिहायचं नाही.

सोलापुरात सगळ्यात अवघड जाते ती संमती. आपल्या वॉर्डात पूर्व भागातली तेलुगू बोलणारी बाई असते, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी आजी असते, आणि संमतीपत्र मराठीत नाही तर इंग्रजीत. शस्त्रक्रिया समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं. सिस्टर बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून सही करते. पण बाईला काही कळलेलंच नाही हे दिसत असताना साक्षीची सही करणं म्हणजे खोटं लिहिणं. गर्भपिशवी काढायच्या एका शस्त्रक्रियेआधी विड्या वळणारी एक बाई नुसती मान हलवत होती. वॉर्डातल्या मावशींनी तिला तेलुगूत सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला: परत विड्या वळायला कधी बसता येईल? शिवणीच्या जागेपेक्षा तिला रोजगाराची काळजी मोठी होती, आणि डॉक्टरांनी खाली बसून तिला नीट उत्तर दिलं. आमच्याकडे सही बहुधा नवऱ्याची नाही तर भावाची घेतात. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. एका महिलेने फक्त तपासणीला होकार दिला होता. ती भुलीखाली असताना आईची सही घेऊन तिचं गर्भाशय काढलं. ती संमती न्यायालयाने मानली नाही. सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःची असते. गर्भपातासाठीही सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही.

गुपित राखणं हे छोट्या शहरात फार जड जातं. रुग्ण आपल्याच गल्लीतला निघतो, चुलत सासूबाई फोन करून विचारतात, "काय झालंय हो तिला?" एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. थोडे अपवाद सोडले तर त्या माणसाच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला सांगता येत नाही. खाटेवर लाल अक्षरात तशी पाटी लावणं म्हणजे अख्ख्या वॉर्डाला सांगणंच झालं. जखमेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणं हेही गुपित फोडणंच.

श्रोतेहो, या सगळ्याला वेळ लागतो. एका सिस्टरकडे वॉर्डभर रुग्ण असले की तो वेळ कुठून येणार? माणसं कमी ठेवणाऱ्या व्यवस्थेने चूक एकट्या सिस्टरच्या माथी मारू नये, आणि रुग्णसंख्या झेपत नसेल तर सिस्टरने ते लेखी कळवावं. तिच्यावर हात उगारणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

तक्रार असेल तर ती जरूर करा. आधी इन्चार्ज सिस्टरकडे, मग मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, आणि त्यानेही भागलं नाही तर परिचर्या परिषदेकडे लेखी. उपचाराचे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागणी केल्यावर ते ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्यायला विसरू नका.

नमस्कार.