पूर्वपक्षासकट देकार्त

मित्रहो, प्रबोधनकाळापासून ज्ञानोदयापर्यंतचं तत्त्वज्ञान आपण बहुधा माळेसारखं ओवतो. बेकन, देकार्त, स्पिनोझा, लॉक, ह्यूम, कांट. प्रत्येकाचं एक मत, त्यावर एक टीप. मग एकाचं मत खोडून दुसरा का उभा राहतो, हे कळतच नाही. म्हणून आज एकच पुस्तक घेऊ या.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं ‘मेडिटेशन्स’, म्हणजे ‘चिंतनं’, १६४१ साली पॅरिसमध्ये निघालं, लॅटिनमध्ये. छपाईआधीच त्याचं हस्तलिखित विद्वानांकडे फिरलं होतं. पहिले आक्षेप कातेरुस या हॉलंडमधल्या धर्मगुरूचे; पुढचे देकार्तचा मित्र मर्सेन याने पॅरिसमध्ये जमवले, त्यांत हॉब्ज, आर्नो आणि गासंदी हे विचारवंत आले. सहा आक्षेपमाला उत्तरांसह ग्रंथातच छापल्या गेल्या. सातवी १६४२च्या अ‍ॅमस्टरडॅम आवृत्तीत आली. आदाम-तानेरी यांच्या प्रमाण आवृत्तीत सहा चिंतनं पंचाहत्तरेक पानांत आटोपतात आणि आक्षेप-उत्तरं जवळजवळ ४७० पानं घेतात. आपण पंचाहत्तर पानं वाचतो आणि पुस्तक मिटतो!

पूर्वपक्ष-उत्तरपक्ष, म्हणजे आधी आक्षेप आणि मग त्याचं उत्तर, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पण आपल्या ग्रंथांत पूर्वपक्ष बहुधा ग्रंथकारच रचतो. इथे तो जिवंत माणसांनी, आपापल्या हेक्यासह, स्वतः लिहिलेला आहे.

वाचायचं कसं? पहिलं आणि दुसरं चिंतन एका बैठकीत वाचा. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे वाक्य तिथे शोधू नका. या रूपात ते तिथे नाही. ते देकार्तच्याच १६३७च्या ‘डिस्कोर्स’मध्ये फ्रेंचमधून आणि १६४४च्या ‘प्रिन्सिपल्स’मध्ये लॅटिनमधून येतं. इथलं विधान वेगळं आहे: ‘मी आहे’ हे मी जेव्हा जेव्हा म्हणतो किंवा मनात आणतो, तेव्हा तेव्हा ते खरंच असतं. न्यायदर्शन वाचलेला विद्यार्थी लगेच व्याप्ती, म्हणजे अनुमानामागचा सर्वसाधारण नियम, शोधतो: जे जे विचार करतं, ते ते असतं. देकार्तने दुसऱ्या उत्तरमालेत नेमकं हेच नाकारलं आहे. हे अनुमान नव्हे, मनाला थेट दिसलेली गोष्ट आहे, असं तो म्हणतो. तेवढी पानं तिथल्या तिथे वाचून घ्या, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो.

तिसऱ्या चिंतनाशी थांबा. जे स्पष्ट आणि सुव्यक्त दिसतं ते खरं, याची हमी ईश्वर देतो. आणि ईश्वर आहे, हे कशावरून? तर ते स्पष्ट आणि सुव्यक्त दिसतं म्हणून. हे चक्र आर्नोने चौथ्या आक्षेपमालेत पकडलं. आपल्या भाषेत हा अन्योन्याश्रय. देकार्तचं उत्तर असं: आत्ता, या क्षणी स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टीला हमी लागत नाही, पूर्वी स्पष्ट दिसलं होतं असं जे फक्त आठवतं, त्याला लागते. उत्तर पुरेसं आहे का? मला वाटतं, नाही. पण ते न वाचता ‘देकार्त चक्रात अडकला’ असं लिहिणं म्हणजे एकाच बाजूचं ऐकून निकाल देणं.

‘बुद्धिवादी’, म्हणजे ज्ञान अनुभवातून नव्हे तर बुद्धीतून येतं असं मानणारा, ही देकार्तला लावलेली चिठ्ठीही जरा बाजूला ठेवा. हा माणूस अ‍ॅमस्टरडॅमच्या एका हिवाळ्यात जवळजवळ रोज खाटकाकडे जाई आणि जनावरांचे अवयव घरी आणून चिरून बघे. बुद्धिवादी विरुद्ध अनुभववादी ही वाटणी नंतरच्यांनी केली.

आत्मा आणि शरीर वेगळे ठरवणारं सहावं चिंतन संपलं, की बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथची पत्रं काढा. मे १६४३मध्ये तिने विचारलं: ज्याला विस्तारच नाही, म्हणजे जो जागाच व्यापत नाही, असा आत्मा शरीराला हलवतो कसा? देकार्तने उत्तर दिलं, की आत्मा आणि शरीर यांच्या संयोगाची कल्पना स्वतंत्र आणि मूलभूत आहे; तिला दुसऱ्या कल्पनांच्या मापाने मोजू नये. जूनमध्ये तिने कळवलं, की अमूर्त वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असं मानणं तिला सोपं वाटतं.