गरम झाला की सुटणारा क्लच

(दृश्य: विस्कॉन्सिनमधलं एक मोठं अंगण. जुना गार्डन ट्रॅक्टर गवत कापतो आहे.)

अर्धा तास गवत छान कापलं जातं. मग अचानक खालची पाती थांबतात. इंजिन चालू असतं, ट्रॅक्टर पुढे जात असतो, पण गवत उभंच राहतं. पात्यांचा स्विच दाबून बघा, ओढून बघा, काही फरक पडत नाही. ट्रॅक्टर सावलीत लावला, तासाभराने पुन्हा स्विच ओढला, की 'टक्' असा आवाज येतो आणि पाती जणू काही झालंच नाही अशी फिरू लागतात.

जुने गार्डन ट्रॅक्टर सांभाळणाऱ्यांना हे दुखणं पाठ असतं. पुष्कळ जण यावर अख्खा क्लच, म्हणजे पात्यांना इंजिनाशी जोडणारा-सोडणारा भाग, काढून नवा बसवतात. त्याची बहुतेकदा गरज नसते, आणि ते का, हेच आपल्याला आज बघायचं आहे.

(दृश्य: ट्रॅक्टर जवळून. बॉनेट, सीट, पोटाखालचा कापणीचा डेक.)

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे आपल्याकडच्या द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या अंगणांसाठी ही वेगळी जात तयार झाली. विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून जॉन डिअरचा 110 हा सात अश्वशक्तीचा ट्रॅक्टर 1963 मध्ये बाहेर पडला. त्याच सुमाराला इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट आणि इंडियानातला व्हील हॉर्सही जोरात होते. त्या काळी पाती जोडायला लांब दांडा ओढावा लागे. पुढे दांड्याच्या जागी बोटाएवढा स्विच आला, आणि त्या स्विचच्या दुसऱ्या टोकाला आला विजेवर चालणारा क्लच.

या क्लचचं घराणंही इथलंच. विस्कॉन्सिनच्याच बेलॉइट गावात ए. पी. वॉर्नर यांनी 1927 मध्ये विजेवर चालणारे ब्रेक बनवायला कंपनी काढली. वॉर्नर हे नाव आजही असंख्य क्लचवर कोरलेलं दिसतं.

(दृश्य: क्लच सुटा करून टेबलावर. एकेक भाग उचलला जातो.)

आत भाग मोजकेच आहेत. ही कॉईल. ही फिरत नाही, इंजिनाला टेकून जागेवर असते. हा रोटर, क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, खाचेतल्या लोखंडी 'की'ने बसवलेला, इंजिनाबरोबर सतत फिरणारा. आणि ही पोलादी चकती, तिला पुली जोडलेली, पुलीवर पट्टा, पट्ट्यावर पाती. कॉईलमध्ये वीज गेली की रोटर चुंबक होतो आणि चकतीला खेचून घेतो. वीज बंद केली की स्प्रिंगा चकतीला मागे ढकलतात, ती ब्रेकच्या पट्टीवर दाबली जाते आणि पाती थांबतात. मोटारीच्या एसी कॉम्प्रेसरवरचा मॅग्नेटिक क्लच ज्यांनी उघडला आहे, त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. फरक मुख्यतः ब्रेकचा.

वीज बंद असताना रोटर आणि चकती यांच्यात बारीकशी फट असते. पुष्कळ क्लचमध्ये ती 0.3 ते 0.45 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. पाती जोडताना प्रत्येक वेळी दोन्ही पृष्ठभाग थोडे घासतात, आणि ही फट वर्षानुवर्षं वाढत जाते.

आता गरम झाल्यावर काय होतं ते बघू. समजा कॉईलचा रोध थंड असताना 3 ओहम आहे. 12 व्होल्टला 4 अँपिअर करंट वाहतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो. कॉईल शंभर अंशांनी तापली, तर रोध 4.2 ओहमच्या आसपास जातो आणि करंट 3 अँपिअरच्याही खाली येतो. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती जवळपास निम्म्यावर येते. फट योग्य असेल तर ही निम्मी ओढही पुरते. फट वाढलेली असेल तर नाही पुरत, कारण फट वाढली की ओढ फार झपाट्याने पडते. थंड असताना क्लच कसाबसा पकडतो, तापला की सोडून देतो. कॉईल शाबूत असते, रोटर शाबूत असतो, आणि माणूस नव्या क्लचचे पैसे मोजून बसतो. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

(दृश्य: मल्टिमीटरची टोकं कनेक्टरवर.)

म्हणून पाना उचलण्याआधी मीटर उचलायचा. इंजिन बंद, चावी काढलेली, स्पार्क प्लगची वायर सुटी. कनेक्टर सोडवून कॉईलचा रोध बघा. 2 ते 4 ओहमच्या दरम्यान काही आलं तर कॉईल बहुधा ठीक. काहीच वाचन नाही आलं तर आत तार तुटली आहे, आणि ती कॉईल गेली. राळेत बंद केलेली असल्याने तिचं गुंडाळण पुन्हा करणं सहसा परवडत नाही. हेच मोजमाप क्लच गरम असतानाही घ्या. काही कॉईल तापल्यावरच आतून तुटतात, आणि थंडपणी निर्दोष दिसतात.

यानंतर व्होल्टेज. बॅटरीवर नव्हे, क्लच जोडलेला असताना त्याच्या कनेक्टरवर. सीटखालचा सुरक्षा स्विच, पात्यांचा स्विच, गंजलेलं अर्थिंग, यांतून वाटेत दोन-तीन व्होल्ट सहज गळतात. 12 ऐवजी 9 व्होल्ट पोचले तरी ओढ निम्म्याच्या जवळ येते, आणि लक्षणं अगदी वाढलेल्या फटीसारखी दिसतात.

वीज नीट पोचते आहे? मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पट्टी. क्लचच्या कडेला तीन खिडक्या असतात आणि प्रत्येकीजवळ एक नट. खिडकीतून पट्टी आत घाला, नट आवळत आणा, पट्टी जेमतेम सरकेल तिथे थांबा. तिन्ही ठिकाणी. मग पुन्हा तिन्ही ठिकाणी, कारण एक नट फिरवला की शेजारची फट हलते. एका बाजूला फट कमी आणि दुसरीकडे जास्त राहिली तर चकती तिरकी बसते आणि घासत राहते. नंतरच्या कित्येक क्लचमध्ये हे नट नाहीत, रिव्हेट आहेत. जुन्या यंत्रांवर माझा जीव आहे तो यासाठी: झीज होणारच हे धरून त्यांनी ती भरून काढायची सोय ठेवली.

(दृश्य: क्रँकशाफ्टवर गंजलेला क्लच, त्यावर तेलाची फवारणी.)

क्लच उतरवावाच लागला तर घाई नको. मधला बोल्ट निघतो, पण रोटर शाफ्टला गंजून चिकटलेला असतो. पुलरचे, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायच्या हत्याराचे, पंजे पुलीच्या कडेला लावून ओढलं की पुली वाकते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, हलके ठोके द्या, पुन्हा तेल. तेल घासणाऱ्या पृष्ठभागांवर गेलंच तर ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढा. बसवताना कॉईलला फिरू न देणारी पट्टी जागेवर आहे ना, हे बघाच. ती सुटली तर कॉईल रोटरबरोबर ओढली जाते आणि वायर मुळापासून तुटतात.

पुली हाताने फिरवताना खरखर लागली तर तो दोष बेअरिंगचा. त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या कुठल्याही चांगल्या दुकानात जा.

सगळं जोडल्यावर इंजिन अर्ध्या वेगावर ठेवून क्लच दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं काही वेळा करायचं, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना बसतात. मग इंजिन बंद करून, क्लच थंड होऊ देऊन फट पुन्हा एकदा मोजायची.