बेन ग्रिमचा हात

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते एका अमेरिकन कॉमिकमधल्या चौघांबद्दल. खरं सांगायचं तर त्या चौघांतल्या एकाबद्दलच.

कॉमिकचं नाव ‘फँटास्टिक फोर’. पहिल्या अंकावर तारीख आहे नोव्हेंबर १९६१. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरी गागारिन अंतराळात जाऊन आला होता आणि आपण मागे पडलो ही बोच अमेरिकेला लागली होती. गोष्टीतली माणसंही त्याच घाईत आहेत. शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स, त्याच्याशी लग्न ठरलेली सू, तिचा धाकटा भाऊ जॉनी आणि यान चालवणारा बेन ग्रिम. वैश्विक किरणांचा अभ्यास पुरता झालेला नाही, असं बेन आधीच बजावतो. सू त्याला भित्रा म्हणते. तो शब्द त्याला झोंबतो आणि तो यान चालवायला तयार होतो.

किरण यानात शिरतात. चौघं जिवंत परततात, पण बदललेले. रीडचं अंग रबरासारखं ताणतं, सू अदृश्य होते, जॉनी पेट घेऊन उडतो. पण हे तिघं मनात येईल तेव्हा पुन्हा पहिल्यासारखे होतात. बेनचं अंग मात्र राकट, नारिंगी, ओबडधोबड होतं आणि तसंच राहतं. जाऊ नका म्हणणाऱ्याच्याच पदरी सगळ्यात वाईट पडलं. हा अन्याय मला लहानपणीही सोसला नव्हता, आजही सोसत नाही.

पहिल्याच अंकातलं एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. आकाशात चौघांना बोलावणारी अक्षरं उमटतात तेव्हा बेन कपड्यांच्या दुकानात आहे. अंगात लांब कोट, हॅट डोळ्यांपर्यंत ओढलेली. दुकानात त्याच्या मापाचं काहीच नाही. तो कोट उतरवून निघतो, तर दार अरुंद. शेवटी ते मोडूनच तो रस्त्यावर येतो. त्याला हाक आली आहे, आणि जगातलं एकही दार त्याच्या मापाचं नाही!

पुढे आठव्या अंकात त्याला अलिशिया भेटते. ती अंध आहे, मूर्तिकार आहे. ती त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवते आणि त्याचा चांगुलपणा तिच्या बोटांना कळतो.

बेनमध्ये एवढा जीव कुठून आला? कर्बी १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, गरीब ज्यू घरात जन्मले. मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग, वडिलांचं नाव बेंजामिन. आणि बेनचं पूर्ण नाव काय, तर बेंजामिन जेकब ग्रिम. बेन वाढला ती यान्सी स्ट्रीट नकाशावर सापडणार नाही, पण कर्बींच्या लहानपणाची वस्ती तीच. ली आणि कर्बींनी मिळून सलग १०२ अंक केले, पण बेन ज्यू आहे असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही.

ते उघडपणे सांगितलं गेलं २००२ साली. कर्बींना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्या गोष्टीत बेन यान्सी स्ट्रीटवरच्या एका म्हाताऱ्या सावकाराच्या दुकानात जातो. पोरवयात त्यानं तिथून एक छोटा सहाकोनी तारा चोरला होता, ज्यूंची खूण असलेला. तो परत द्यायला आलेला असतो. तिथल्या मारामारीत म्हातारा बेशुद्ध पडतो. बेन त्याच्याशेजारी बसतो आणि लहानपणी पाठ केलेली हिब्रू प्रार्थना म्हणू लागतो.