सुहैली आणि तिचा मालक

श्रोतेहो, नमस्कार.

नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत आहे. १९ डिसेंबर १९६४ रोजी मुंबईत असाच एक नारळ जेमतेम ३२ फूट लांबीच्या, दोन डोलकाठ्यांच्या एका सागवानी नावेवर फुटला. नावेचे नाव होते ‘सुहैली’. अरबी आखातातले खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देतात. मालक होते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवरचे पंचविशीतले अधिकारी. शिडाच्या नावेने साऱ्या जगाला एकट्याने, कुठेही न थांबता, वळसा घालणारा पहिला माणूस म्हणून ते पुढे ओळखले गेले. ही कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. आज मला सांगायचे आहे ते नावेच्या मालकाचे स्वप्न काळाच्या ओघात कसे बदलत जाते ते, आणि त्यासाठी सुहैलीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

पहिले स्वप्न अगदी साधे होते: नोकरीच्या गावी नाव बांधून घ्यायची आणि तिच्यातून मायदेशी परतायचे. मुंबईतल्या सुतारांनी वाकसाने लाकूड तासून आणि कामठ्याने सामता फिरवून भोके पाडून ती घडवली. आराखडासुद्धा १९२० च्या दशकातला, म्हणजे तेव्हाच जुनाट ठरलेला होता. सुहैली चपळ नव्हती, पण दणकट होती. १९६५ च्या अखेरीस धाकटा भाऊ आणि एक मित्र यांना सोबत घेऊन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईहून निघाले. डर्बनला पोचेपर्यंत पैसे संपले, तेव्हा तिथेच कामधंदा करून गाठीला काही जमवावे लागले. पुढे केप टाउनहून लंडनपर्यंतचे अंतर त्यांनी कुठेही न थांबता ७४ दिवसांत कापले. घरी पोचले, आणि पहिले स्वप्न तिथेच पुरे झाले.

त्याच वर्षी, म्हणजे १९६७ च्या मे महिन्यात, फ्रान्सिस चिचेस्टर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून इंग्लंडला परतले होते. वाटेत ते फक्त सिडनीला थांबले होते. आता उरली होती ती विनाथांबा प्रदक्षिणा. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मनाने ते घेतले, आणि मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मानवी वाटणारी गोष्ट इथे घडली. या नव्या स्वप्नात सुहैलीला जागाच नव्हती. त्यांना ५३ फुटांची नवी पोलादी नाव हवी होती आणि तिच्या खर्चासाठी सुहैली विकायची होती. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. पैसा पुरवणाराही कोणी भेटला नाही. शेवटी ज्या नावेला मोडीत काढायला ते निघाले होते, तिलाच घेऊन त्यांना निघावे लागले. घरात नवी गाडी यायची म्हणून जुनी विकायला काढावी, ती विकली जाऊ नये आणि मग तिच्यातूनच लांबच्या प्रवासाला निघावे, हा अनुभव श्रोत्यांपैकी अनेकांनी घेतला असेल.

एकट्याने विनाथांबा प्रदक्षिणा करण्याच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत उतरून १४ जून १९६८ रोजी सुहैलीने इंग्लंडमधले फालमथ बंदर सोडले. काही आठवड्यांतच अटलांटिकमध्ये फळ्यांच्या सांधीतून पाणी आत येऊ लागले. पठाणाजवळची, म्हणजे नावेच्या तळाच्या कण्याजवळची, पाण्याच्या पातळीखाली पाचेक फुटांवरची ती फट बाहेरूनच बुजवायची होती. नॉक्स-जॉन्स्टन श्वास रोखून बुडी मारत, हातात येईल तेवढा कापूस फटीत ठासत आणि पुन्हा वर येत. कापूस टिकावा म्हणून वरून पट्टी ठोकायची, तीही अशाच बुड्या मारत. मध्येच शार्क घुटमळू लागला, तेव्हा नावेवर चढून त्याला बंदुकीने टिपावे लागले आणि मग काम पुढे सुरू झाले. पुढे रेडिओ बंद पडला, पिण्याचे पाणी खराब झाले, आपोआप दिशा राखणारे यंत्र निकामी झाले. कित्येक महिने त्यांचा ठावठिकाणा कोणालाही लागला नाही.

शर्यतीत एकूण नऊ जण उतरले होते. त्यांपैकी फ्रान्सचे बर्नार मॉयतेसिए हे वेगाच्या हिशेबाने आघाडीवर मानले जात असताना त्यांचे स्वप्न भर समुद्रातच पालटले. युरोपाकडे वळण्याऐवजी ते तसेच पुढे ताहितीला निघून गेले. प्रदक्षिणा पुरी करून परतली ती एकटी सुहैली, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी. जकात अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, “कुठून आलात?” उत्तर मिळाले, “फालमथहून.” बक्षिसाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी शर्यतीत जीव गमावलेल्या डॉनल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

त्यानंतर मात्र वेगाचे स्वप्न आले. १९९४ साली पीटर ब्लेक यांच्यासह, जोडनावेच्या बांधणीच्या एका अवाढव्य शिडनौकेतून, त्यांनी सबंध जगाला ७४ दिवसांत वळसा घातला. केप टाउन ते लंडन एवढ्या प्रवासाला सुहैलीला लागले होते तेवढेच दिवस! तो पराक्रम मोठाच. पण ती नाव मोठ्या चमूची आणि पुरस्कर्त्यांच्या पैशाची होती. मालकपण राहिले ते सुहैलीपाशीच, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ते ग्रीनलंडला गेले तेही तिच्यातूनच.

१९९७ मध्ये सुहैली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात विसावली. मानाची जागा, पण तिथल्या कोरड्या हवेत सागाच्या फळ्या आक्रसू लागल्या. नावेला ओल लागते, हे मुंबईतल्या सुतारांनाही ठाऊक असणार. २००२ मध्ये मालकाने तिला तिथून बाहेर काढले आणि पुढची अनेक वर्षे तिच्या डागडुजीत घालवली. पंचविशीत ज्याला क्षितिज हवे होते, त्याला सत्तरीत फळीचा एकेक सांधा नीट बसलेला हवा होता. २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

दरम्यान तिच्या आराखड्यावरून गोव्यात ‘तुरिया’ ही नाव बांधली गेली. पहिल्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शर्यतीत नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ मध्ये तिच्यातून उतरले, आणि हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमी जबर जखमी झाले, पण वाचले. पुढच्या खेपेस दुसऱ्या नावेतून ते त्याच शर्यतीत दुसरे आले.

त्या नव्या शर्यतीच्या आधी, १४ जून २०१८ रोजी, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी, फालमथच्या उपसागरात शिडांची मिरवणूक निघाली. एकोणऐंशी वर्षांचे नॉक्स-जॉन्स्टन सुहैली घेऊन तीत सामील झाले होते. या वेळी जायचे कुठेच नव्हते.