रेशनकार्डावरचे कुटुंब आणि मधला माणूस

‘कुटुंबरचना आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य’ असा विषय दिला की एकत्र कुटुंब चांगले की विभक्त, हा जुना वाद पुन्हा उकरून काढण्याचा मोह वक्त्याला होतो. मी तो टाळणार आहे, कारण आपल्या मराठवाड्यातली कितीतरी घरे या दोन्हींपैकी कोणत्याच खणात बसत नाहीत.

बीड जिल्ह्यातले ऊसतोड कुटुंब घ्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले जोडपे, जे ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ ठरते, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. तोवर रेशनकार्डावर सहा नावे आणि घरात आजी नि नातवंडे. नववीतली थोरली मुलगी भाकरी थापून, धाकटीची वेणी घालून, आजीची बीपीची गोळी आठवणीने देऊन शाळेत येते, आणि आम्ही शिक्षक तिला कौतुकाने ‘समजूतदार’ म्हणतो. या शब्दाची मला अलीकडे भीती वाटते. समजूतदार म्हटलेल्या मुलीला रडायला जागा उरत नाही, आणि ती गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असे आपण धरून चालतो.

दुसरे टोक लातूरचे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी मुलगा आणि आई तिथे खोली करून राहतात, वडील गावाकडे सोयाबीन आणि जनावरे सांभाळतात. रात्री नऊला फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “किती पडले?” सातशेवीसपैकीचा तो आकडा मुलगा पुढे पुढे वडिलांनी विचारण्याआधीच सांगू लागतो, म्हणजे फोन लवकर संपतो. यात वडिलांना दोष देता येत नाही. फिजिक्समधले त्यांना काही कळत नाही, खोलीभाडे आणि क्लासची फी मात्र दर महिन्याला कळते. त्यांच्याजवळ विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न उरलेला असतो.

या दोन्ही घरांत माणसे कमी झाली, यापेक्षा मधला माणूस गेला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बापाचा राग आणि पोराची चूक यांच्यामध्ये पूर्वी एखादा चुलता किंवा आत्या असे. नापास झाल्याची बातमी त्यांच्या तोंडून, जेवणे झाल्यावर, जरा निवून पोहोचत असे. अर्थात त्याच वाड्यात चुलतभावाच्या मार्कांशी रोज तुलनाही होई, आणि मुलींच्या मनातले ऐकायला कोणाला सवड नव्हती. तेव्हा वाडा परत आणा, असे मी म्हणत नाही.

मधला माणूस मात्र शोधावा लागेल. तो वर्गशिक्षक असू शकतो, खोलीची मालकीणकाकू असू शकते. झोप उडाली, जेवण सुटले, जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते, तो वर्गाच्या दाराशी लिहून ठेवावा, म्हणजे मुलाला कोणाला विचारावे लागणार नाही.

गेल्या पावसाळ्यात लातूरला भेटलेला एक मुलगा सांगत होता, की वडिलांनी एका रात्री फोन लावून थेट गोठ्यात नेला. म्हैस व्याली होती. रेडकू धडपडत उभे राहीपर्यंत दोघे बोलत राहिले, आणि मार्क विचारायचे त्या दिवशी राहूनच गेले.